ॲम्प्लिफायरवरचा चिमटा

प्रिय जनादादा,

रिक्षाने वीस मिनिटांवर राहणाऱ्या माणसाला कुणी पत्र लिहीत नाही. त्यात गेली आठ वर्षं आपण बोलतही नव्हतो. भाईंदरच्या बाजारात समोर आलास की तू मान हलवायचास, मी हलवायचे, आणि मग दोघंही लगबगीने भाजी निवडायला लागायचो. मग आता, तू गेल्यावर, हे पत्र कशाला?

कारण पाच दिवसांपूर्वी तुझ्या शोकसभेत मी बोलले नाही. मी! जिच्या हातून माइक ओढून घ्यावा लागतो असं तूच सगळ्यांना सांगत फिरायचास, ती मी उभी राहिले, हात जोडले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, बाईंना गहिवरून आलं. गहिवर वगैरे काही नव्हता. भाषण पर्समध्ये तयार होतं. पण माझं नाव पुकारायच्या मिनिटभर आधी शेजारी बसलेल्या रुक्मिणीवहिनीने माझ्या कानात तीन-चार वाक्यं सांगितली, आणि पर्समधल्या भाषणातलं एकही वाक्य खरं उरलं नाही. खोटं बोलायचं नव्हतं. खरं बोलायची तयारी नव्हती.

आठ वर्षांपूर्वी पाण्याच्या सभेत मी माइकवरून तुझ्याबद्दल एक वाक्य बोलले. त्या वाक्यानंतर तू आमच्या मंडळात पाऊल टाकलं नाहीस. ते वाक्य मला परत घ्यायचं आहे आणि ऐकायला तू नाहीस. प्रश्न एवढाच आहे. बाकीचं नीट क्रमाने लिहिते. शाळेत मुलांना मी तसंच लिहायला लावते.

आपली ओळख एका तुटलेल्या तारेमुळे झाली, आठवतं? मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मंडळाची तालीम चालायची. मंडळ म्हणजे आम्ही दहा-बारा जण, बहुतेक कोकणातून, मराठवाड्यातून आलेली बौद्ध कुटुंबं. एक ढोलकी, गाणारी सुमन, गाण्यांच्या मध्ये बोलणारी मी, आणि एक गिटार. गिटार वाजवणारा नोकरी लागून पुण्याला गेला होता आणि जाताना तिची एक तार तोडून गेला होता. कुणीतरी म्हणालं, भाईंदरला एक कोळी आहे, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात फिटर आहे, लग्नात गिटार वाजवतो आणि काहीही दुरुस्त करतो.

तू आलास. गिटार उलटी-सुलटी केलीस आणि पहिलाच प्रश्न विचारलास, "सायकल कुनाची हाय खाली?"

सायकल दळवीकाकांची होती. तू तिच्या ब्रेकची केबल सोडवलीस, तिच्यातला एक बारीक पदर उलगडलास, टोकाला शर्टाचं धातूचं बटण गुंफलंस आणि ती तार गिटारला चढवलीस. दळवीकाका धावत वर आले. "अहो, माझा ब्रेक!"

"काका, मागचा काढला. पुढचा हाय ना."

"आणि पुढचा तुटला तर?"

"तर उतारावर जाऊ नका. मीरा रोडला कुठं हाय उतार?"

गच्ची हसून लोटपोट झाली. मी हसले नाही. मी विचारलं, "दादा, ही तार किती दिवस टिकेल?" तू म्हणालास, "तात्पुरता हाय, बाय." पुढे तुझ्या तोंडून हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. तुझं प्रत्येक काम तात्पुरतं असायचं, आणि त्यातलं एकही काम तू पुन्हा केलेलं मला आठवत नाही.

मला यादी करायला आवडत नाही, पण तुझ्या गिटारची करावीच लागेल. तारा ज्या खाचांवर टेकतात ती पट्टी फुटली, तर तू दात घासायच्या ब्रशचा दांडा कापून बसवलास. गुलाबी रंगाचा. एक खुंटी झिजली, तिच्या जागी गजराच्या घड्याळाची किल्ली. पट्टा म्हणजे वहिनीच्या जुन्या लुगड्याचा काठ. सूर वर चढवायला मधोमध एक पेन्सिल आडवी लावून रबराने आवळायचास. तारा छेडायला पावडरच्या डब्याचं झाकण कापून त्रिकोण केले होतेस. सुमन म्हणायची, दादांच्या हाताला वाजवताना चमेलीचा वास येतो. आणि लाकडाच्या पोटात, आतल्या बाजूला, बिघडलेल्या टेलिफोनच्या रिसिव्हरमधली चकती चिकटवली होतीस. तिच्यातून आवाज वायरीत जायचा. चिकटवायला काय वापरलंस असं मी विचारलं, तर म्हणालास, "भात. जरा जास्त शिजलेला."

हसमुखभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानात तू गेलास की ते हात जोडायचे. "जना, आज कुछ खरीदेगा, या खाली खोका ही माँगने आया है?" तू शांतपणे म्हणायचास, "खोका भी चलेगा, सेठ." आणि घेऊन यायचास!

मग तो ॲम्प्लिफायर. एका मेलेल्या रेडिओच्या पोटातून तू तो उभा केलास आणि त्याला पेटी केलीस मासळीच्या खोक्याच्या फळ्यांची. फळ्या चार वेळा धुतल्यास, उन्हात वाळवल्यास, वर पॉलिश मारलंस. तरी बटण दाबून पाच मिनिटं झाली, पेटी तापली, की बोंबलाचा वास सुटायचा. इमारतीतली तिन्ही मांजरं तालमीला येऊन पेटीसमोर ओळीने बसायची. "बग," तू म्हणायचास, "तुज्या भाषणाला एवडी मान्सं बसतात काय येवड्या शिस्तीत?"

मला तुझं कौतुक होतं. ते मी कधी बोलून दाखवलं नाही, कारण मला तुझा रागही होता. तो मात्र मी पुष्कळ वेळा बोलून दाखवला.

त्या दिवसांत मी खूप वाचत होते. शाळा सुटली की ग्रंथालय, ग्रंथालय बंद झालं की घरी दिवा. आणि जे वाचायचे ते मला माझ्या इमारतीच्या जिन्यात रोज दिसायचं. नळ कोरडे. टँकर आला की पिंप, हंडे, पातेली, दुधाच्या पिशव्यासुद्धा भरून ठेवायच्या. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी संडासात. चौथ्या मजल्यावरच्या बाया दोरीला बादली बांधून पाणी वर ओढायच्या आणि एकमेकींना अभिमानाने सांगायच्या, बघ, आमचं भागतं. मला वाटायचं, ह्या 'भागतं'नेच आपला घात केलाय. ज्याचं भागतं त्याला कोण कशाला काही देईल? पाणी मागायचं तर आधी भागवणं सोडलं पाहिजे. हे मी मनापासून मानत होते. आजही मानते. पत्र वाचून माझं मत बदललं असं समजू नकोस.

म्हणून तुझ्याशी भांडायचे. "दादा, ब्रेकची तार, ब्रशचा दांडा, हे किती दिवस? आपली माणसं काय कायम दुसऱ्यांच्या टाकलेल्या वस्तूंवरच गाणार आहेत?"

"वाजतोय ना आवाज?"

"वाजतोय म्हणूनच नवीन येत नाही. तुझं भागतं, म्हणून नळाला पाणी नाही!"

"बरं बाय. पन न्हाय भागवला, तर आज सांजंला भात कसा शिजल?"

गच्चीवरच्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "त्याचं उत्तर सभेत देईन." सगळे हसले. उत्तर माझ्याकडे नव्हतं. वाद मात्र मीच जिंकले असं सगळ्यांना वाटलं. बोलता येणाऱ्या माणसाला ही सोय असते.

आता ती सभा.

सिल्व्हर पार्कच्या नाक्यावर स्टेज बांधलं होतं. चार टेबलांवर फळ्या, समोरून जमिनीपर्यंत पांढरा पडदा. आधी माझं भाषण, मग सुमनचं नवीन गाणं तुझ्या गिटारवर, मग अर्जावर सह्या. माइकवाला आदल्या दिवशी हो म्हणाला आणि त्या दिवशी कुणाच्या तरी लग्नाला गेला. तू म्हणालास, माझा डबा हाय ना. माइकही त्यालाच जोडू. तू पेटी स्टेजच्या खाली, मागच्या कडेला, पडद्याआड, एका स्टुलावर ठेवलीस, माइक जोडलास, गिटार माझ्या मागच्या खुर्चीला टेकवलीस आणि कर्ण्याचा भोंगा बांधायला बांबूवर चढलास.

मी मागे जाऊन पेटी पाहिली आणि मला लाज वाटली. माइकच्या वायरीच्या टोकाचा जॅक पेटीच्या ज्या भोकात बसतो, ते सॉकेट ढिलं झालं होतं. म्हणून तू जॅकला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला होतास, आणि त्यावर कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा उभा लावून त्याला वर दाबून धरलं होतंस. पेपरवाले येणार होते, मंचामागेही फिरणार होते, फोटो निघणार होते. आणि आमच्या मंचावर वाळत घातल्यासारखा माइक! मी पेटी पदराने पुसली. चिमटा काढला. माइकवर बोटाने टकटक केलं. आवाज येत होता. म्हणजे चिमटा नुसताच दिखाऊ होता, असं मी ठरवलं. खाडीकडून वारा सुटला होता, माझे भाषणाचे कागद हातात फडफडत होते. मी तोच चिमटा कागदांना लावला आणि मंचावर गेले.

भाषण चांगलं झालं. हे मी कोरडेपणाने सांगते, कारण ते खरं आहे. लोक बाल्कन्यांत उभे होते, दुकानदार गल्ला सोडून बाहेर आले होते. मी भागवण्यावर बोलले. हंड्यावर भागवणारे, टँकरवर भागवणारे, तारेवर आणि रबरावर भागवणारे. तारेचं बोलताना मी मागे तुझ्या खुर्चीकडे हात केला. लोक हसले. खुर्ची रिकामी होती.

मध्ये दोनदा माझा आवाज गेला. एकदा जरा जास्त, एकदा क्षणभर. आला तेव्हा मी लगेच म्हणाले, "बघा! आवाजसुद्धा नळाच्या पाण्यासारखा, येतो आणि जातो!" टाळ्या पडल्या. त्यानंतर आवाज एकदाही गेला नाही. तो का गेला, आणि पुन्हा का गेला नाही, हे मला विचारावंसं वाटलं नाही. टाळ्या पडल्यावर कोण विचारतं?

भाषण संपवून मी पुकारलं, "आता सुमनताईंचं गाणं. गिटारवर जनादादा." तू आला नाहीस. पुन्हा पुकारलं. खुर्चीला टेकलेली गिटार, तिच्यावर लुगड्याचा काठ, आणि माणूस नाही. कुणीतरी बाल्कनीतून ओरडलं, "दादा पाणी भरायला गेले!" हशा झाला. मी तापले होतेच. मी माइक तोंडाजवळ घेतला आणि म्हणाले, "ज्याला आपल्या माणसांसाठी अर्धा तास जागेवर राहवत नाही, त्याने गिटार खांद्याला लावून मिरवू नये."

तेच ते वाक्य. शब्द माझ्या नीट लक्षात आहेत. माझी वाक्यं माझ्या लक्षात राहतात.

सुमन नुसत्या ढोलकीवर गायली. सह्या झाल्या. लोक पांगले. मग तू पडद्याच्या मागून बाहेर आलास, गुडघ्यांना माती, उजवा हात डाव्या हातात धरलेला. मला वाटलं, विडी ओढत बसला असणार. तू म्हणालास, "भाषण बेस झाला, बाय."

मी पहिल्यांदाच तुला अहो-जाहो केलं. "ऐकलंत का?"

"सगला ऐकला. एकदम जवलून."

मला तो टोमणा वाटला. मी पाठ फिरवली. तू पेटी आणि गिटार घेऊन गेलास. दादा, निदान तेव्हा तरी एक शब्द बोलायला काय झालं होतं तुला? एक शब्द!

बोलला नाहीस. मंडळाने दोनदा निरोप पाठवला, तू कामाचं कारण सांगितलंस. मी स्वतः आले नाही. मला वाटत होतं, चूक त्याची आहे, येईल तो. पुढे पाण्याच्या आणखी सभा झाल्या. मोर्चा झाला, मी बोलत राहिले. नळाला पाणी हळूहळू यायला लागलं. किती आणि कधी, ते इथे राहणाऱ्यांना ठाऊक आहे. तुझी गोष्ट मी दोन-तीन भाषणांत नाव न घेता उदाहरण म्हणून वापरली. हेही तुला कळलेलं बरं.

मग तुला कावीळ झाली आणि महिन्याभरात तू गेलास. मला कळलं ते हसमुखभाईंकडून. "जना गया, बेन," ते म्हणाले, आणि दुकानाच्या मागे जाऊन रिकामे खोके उगाच एकावर एक रचत बसले.

शोकसभेत वहिनी माझ्या कानात काय म्हणाली ते लिहिते. "बाय, आता तो न्हाय म्हनून सांगते. त्या सभेला तो पलाला नव्हता. तुज्या पायाखाली होता. माइकचा वायर धरून बसलेला, तू बोलत होतीस तवर."

दुसऱ्या दिवशी मी तुझ्या घरी गेले. वहिनी ओटीवर बसली होती. मी सगळं पुन्हा विचारलं, पोलिसाने विचारावं तसं. तिने सांगितलं. माझा आवाज पहिल्यांदा गेला तेव्हा तू खुर्चीतून उठलास आणि मागे उतरलास. ट्यूबचा तुकडा पेटीच्या उष्णतेने घसरला होता. चिमटा जागेवर नव्हता. तू जॅक अंगठ्याने वर दाबलास, आवाज आला. सोडलास, गेला. मंचाच्या फळ्यांखाली, स्टुलाजवळ, गुडघ्यांवर बसून तू एका हाताने जॅक धरलास आणि दुसऱ्या हाताने जमिनीवर चिमटा चाचपडत राहिलास. हाक मारलीस, पण वर भोंगा आणि भोंग्यात मी. कुणाला ऐकू जाणार?

"सगला वेल तसाच?" मी विचारलं. वहिनीच्या घरात बसलं की माझीही भाषा तशीच होते.

"सगला वेल. मंग ती सुमन गायली, तवापन. दुसऱ्या दिशी अंगठा असा सुजलेला. मासा धरवत नव्हता हातात. मी बोलले, जा नि सांग त्या मास्तरनीला. तर उलट मनाच, सांगू नको म्हनून शपथ घातली."

"का पण?"

वहिनीने पदराला हात पुसले. "तो बोलला, तिला कलला तर ती फुडच्या सभेला कचरंल. कचरनारी बाई पान्याला कामाची न्हाय." मग म्हणाली, "आनि बोलला, तिचा बरोबरच हाय. नवीन सॉकेट आनला असता तर धरायला लागला नसता."

जनादादा, तुला एवढं पटलं होतं, तर आणलं का नाहीस? हसमुखभाईंकडे मिळत होतं की! खोके मागायला रोज जायचास, एकदा सॉकेट मागितलं असतंस तर?

हे रागाने लिहीत नाही. खरोखर विचारते आहे. कारण गेले चार दिवस मी एकच गोष्ट मनात उलटसुलट करते आहे. चिमटा कुणी काढला हे तुला माहीत होतं का? वहिनीला माहीत नाही. ती म्हणाली, "कुनीतरी काडला असंल, नायतर पोरान्ला खेलायला गावला असंल." मी ओटीवर बसून तिच्या हातचा चहा प्यायले आणि तिला सांगितलं नाही. तिला सांगण्याआधी तुला सांगायचं होतं. चिमटा मी काढला, दादा. पेपरवाल्यांच्या फोटोसाठी. आणि तुला तो चिमटा शोधूनही सापडणार नव्हता, कारण तो तुझ्या डोक्यावर दोन हातांवर, माझ्या कागदांना लावलेला होता. भागवणाऱ्यांच्या विरुद्ध लिहिलेले ते कागद!

निघताना वहिनीने पेटी माझ्या हवाली केली. "घिऊन जा. हितं मांजरा बसतात तिच्यावर." रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, मच्छी है क्या अंदर?" मी हो म्हणाले.

घरी आणून मी ती लावली. चालू होते. माझ्या शाळेतला जुना माइक जोडला. जॅक सैल, आवाज नाही. मग मी तुझ्यासारखी जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि अंगठ्याने जॅक वर दाबला. आवाज आला. समोर भिंतीवर घड्याळ होतं. पाचव्या मिनिटाला अंगठ्याला मुंग्या आल्या. अकराव्या मिनिटाला मी सोडून दिला. माझं भाषण पंचेचाळीस मिनिटांचं होतं. त्यावर सुमनचं गाणं.

आणि तिथे, जमिनीवर बसल्या बसल्या, मला ते लक्षात आलं, जे वहिनीनेही सांगितलं नव्हतं. बहुतेक तिच्या ध्यानात आलं नसेल. तुझ्या ते तेव्हाच आलं असणार.

मी ते वाक्य म्हणाले, तेव्हा तुझा अंगठा जॅकवर होता. ते वाक्य तुझ्या हातातून भोंग्यात गेलं. तू अंगठा नुसता काढला असतास, एक श्वासभर, तर सिल्व्हर पार्कमध्ये ते कुणालाच ऐकू गेलं नसतं. दोनदा आवाज गेलाच होता, तिसऱ्यांदा गेला असता. लोक म्हणाले असते, पेटी बिघडली. तुला फक्त सोडायचं होतं.

तू धरून ठेवलास.

यावर काय म्हणावं हे मला कळलेलं नाही. माझ्याकडे पुस्तकांची तीन कपाटं आहेत. त्यांतही सापडलं नाही. तुझ्या मोठेपणावर एक भाषण करता येईल, आणि मला ते लगेच सुचलंही, सुरुवात-मध्य-शेवट सगळं. मी ते करणार नाही. तुला भाषणात उदाहरण म्हणून वापरण्याचं काम मी पुरेसं केलं आहे.

काल जुनी फाइल काढली. त्या सभेचे कागद त्यात आहेत, पिवळे पडलेले, आणि कोपऱ्याला चिमटा तसाच. लाकूड काळं पडलंय, स्प्रिंगला गंज आहे. दाबून पाहिला. पकड घट्ट आहे. तात्पुरता म्हणे!

आता मी काय करणार आहे ते सांगते. पुढच्या महिन्यात त्याच नाक्यावर सभा आहे. पुन्हा पाण्याचीच, पूर्वेकडच्या नवीन इमारतींच्या. मला बोलायला बोलावलंय. मंडळाचा आता स्वतःचा चांगला माइक आहे, दोन उंच स्पीकर आहेत, आणि ते मागून मिळवलेत, याचा मला अभिमान आहे. तरी त्या दिवशी मी तुझी पेटी नेणार आहे. हसमुखभाईंकडून नवीन सॉकेट आणलंय. ते मी बसवून घेणार आहे. त्याबाबतीत तुझं काही ऐकणार नाही. पण सभेनंतर. ते वाक्य जुन्या सॉकेटमधून गेलं होतं, ते जुन्याच सॉकेटमधून परत येईल. त्याच लोकांसमोर, तेवढ्याच मोठ्याने, तुझं पूर्ण नाव घेऊन. चिमटा कुणी काढला हेही सांगेन. वहिनीला पुढच्या रांगेत बसवेन, आणि तिला त्याआधी घरी जाऊन सांगेन. पडद्याआड कुणालाही बसवणार नाही. मध्येच आवाज गेला, तर मी माइक खाली ठेवून नुसत्या घशाने बोलेन. आणि गाण्याच्या वेळी तुझी गिटार खुर्चीला टेकवलेली असेल. ती खुर्ची रिकामी का आहे, हे त्या दिवशी सगळ्यांना माहीत असेल.

चिमटा पेटीवर लावलेला असेल, तुझ्या जागेवर. खाडीकडून वारा सुटला तर माझे कागद उडतील. उडू देत.

तुझी बाय,
विशाखा